सोलापुरात सुशी: आठ खुर्च्या, कोमट भात आणि मुरवलेला बांगडा

होटगी रस्त्याच्या बाजूला एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर गेल्या दिवाळीनंतर आठ खुर्च्यांचे एक सुशी काउंटर सुरू झाले आहे. बाहेर पाटी नाही आणि जाहिरातही नाही. नोंदणी फोनवरून होते आणि संध्याकाळी सात व नऊ अशा दोनच पंगती बसतात. गर्दी झाली तर हे काम हातून नीट होणार नाही, असे मालकांचे म्हणणे आहे. त्यांच्या विनंतीवरून नाव येथे देत नाही. सोलापुरात ज्याला शोधायचे आहे त्याला दोन फोनांत ते कळेल. मी तेथे तीन महिन्यांत तीनदा जेवलो. पहिल्यांदा एकटा गेलो, दुसऱ्यांदा पत्नी आणि मामा बरोबर होते, तिसऱ्यांदा पुन्हा एकटा गेलो. पुढचे मत तिन्ही वेळचे मिळून आहे.

यंत्रमागांच्या सुट्या भागांच्या व्यवसायामुळे मी दोन वर्षे जपानमध्ये नागोयाजवळ राहिलो आहे, त्यामुळे हा पदार्थ मला नवा नाही. तरीही सोलापुरात सुशी मिळते हे ऐकल्यावर माझ्या मनात पहिली आली ती शंकाच. मुंबईचा समुद्र येथून सुमारे चारशे किलोमीटरवर, उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे, आणि कच्ची मासळी? जेवण झाल्यावर ही शंका मिटली, पण ती मिटण्याचे कारण मी समजत होतो ते नव्हते. येथली मासळी मुंबईइतकी ताजी आहे असे मला म्हणायचे नाही. जेथे हा आचारी मासळीच्या ताजेपणावर विसंबत नाही, तेथेच त्याचा हात सर्वांत चांगला चालतो.

हे समजण्यासाठी सुशीचा थोडा इतिहास ध्यानात घ्यावा लागतो. सुशी म्हणजे कच्चा मासा, हा आपल्याकडचा पक्का गैरसमज आहे; सुशी ओळखली जाते ती व्हिनेगर, मीठ आणि साखर लावलेल्या भातावरून. तिचे सर्वांत जुने रूप म्हणजे मीठ लावलेला मासा भातात महिनोन्‌महिने आंबवून टिकवणे, आणि त्यात भात बहुधा टाकूनच दिला जाई. आज आपण जी बोटभर भातावर मासा ठेवलेली निगिरी ओळखतो ती त्या मानाने फार अलीकडची. १८२० च्या दशकात एदोमध्ये, म्हणजे आजच्या तोक्योत, ती रूढ झाली आणि तिचे श्रेय सहसा हानाया योहेई या विक्रेत्याला दिले जाते. ती रस्त्यावरच्या गाड्यांवर विकली जाई, घास आजच्यापेक्षा बराच मोठा असे आणि शीतकपाट अर्थातच नव्हते. त्यामुळे एदोचे आचारी मासा मिठात आणि व्हिनेगरमध्ये मुरवत, सोया सॉसमध्ये बुडवून ठेवत, उकडत किंवा शिजवून वर गोडसर रस लावत. एदोला लागून खाडी होती, तरीही मासळी टिकवण्याची ही सारी कला तेथे वाढली. समुद्रापासून इतक्या दूरच्या गावात सुशी करायची असेल तर हीच जुनी वाट धरणे शहाणपणाचे आहे, आणि येथल्या आचाऱ्याने ती मोठ्या समजुतीने धरली आहे.

हा आचारी सोलापूरच्या पूर्व भागात, हातमागाच्या घरात वाढलेला तेलुगू भाषक तरुण आहे. काही वर्षे मुंबईच्या हॉटेलांत आणि पुढे जपानमध्ये काम करून तो परत आला. बोलतो कमी, पण विचारले तर मराठीत नीट उत्तर देतो. काउंटर साध्या फिकट लाकडाचा आहे, भिंती पांढऱ्या आहेत, गाणी लावलेली नाहीत. सजावटीविषयी याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही, आणि ते मला योग्यच वाटले.

सुरुवात भातापासून करतो, कारण या ठिकाणी जाण्याचे पहिले कारण भात आहे. तांदूळ आखूड दाण्याचा, जपानी जातीचा आहे. त्याने आरंभी इंद्रायणी वापरून पाहिला होता. तो चिकटतो चांगला, पण त्याचा स्वतःचा वास माशाच्या आड येतो. आंबेमोहराची तीच अडचण, शिवाय दाणा मोडतो. भात शिजला की तो रुंद लाकडी परातीत काढतात, त्यावर व्हिनेगरचे मिश्रण शिंपडतात आणि दाणा चेंगरू नये म्हणून उलथन्याने कापल्यासारखा हलवत एकीकडे पंख्याने वारा घालतात. हे काम पहिल्या पंगतीच्या वेळी पाहुण्यांसमोरच होते, तेव्हा शक्य असेल तर सातची वेळ घ्यावी. सोलापूरच्या कोरड्या हवेत भाताचा वरचा थर पाहता पाहता सुकतो, म्हणून परातीवर सतत ओले फडके असते आणि लागेल तेवढाच भात छोट्या लाकडी डब्यात घेतला जातो. तो डबा झाकणाखाली कोमट राहतो.

हा कोमटपणा फार महत्त्वाचा आहे. भारतात मी जेथे जेथे सुशी खाल्ली तेथे बहुतेक ठिकाणी भात शीतकपाटातून आल्यासारखा गार, घट्ट आणि दाणा दाणा टोचणारा होता. येथे तो अंगाच्या उबेचा असतो. बोटांत धरला तर घास एकसंध राहतो, जिभेवर ठेवला की मोकळा होतो. आत थोडी हवा राहील इतकेच त्याला दाबलेले असते. आमचे मामा मंगळवेढ्याचे, वय चौऱ्याहत्तर, आयुष्यभर शाळूची शेती केलेले. पहिला घास उचलण्याआधी त्यांनी आचाऱ्याला विचारले, "पोरा, हातानं खाल्लं तर चालतंय न्हवं?" तो म्हणाला, "मामा, हातानंच खावा." मामांनी तो तोंडात टाकला, थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "भात कोमटच आहे की. मला वाटलं बर्फासारखा असंल."

मला त्या वेळी हुरड्याची आठवण झाली. पौषात शेतावर आगटीतून भाजलेले कणीस काढून तळहातावर चोळणारा माणूस आणि तो ऊन हुरडा हातावर घेणारा पाहुणा यांच्यात जेवढे अंतर असते तेवढेच अंतर येथे आचारी आणि आपण यांच्यात असते. हुरडा ताटात वाढून ठेवला की त्याची चव गेली. निगिरीचेही तसेच आहे. आचारी घास समोरच्या पाटावर ठेवतो तेव्हा तो खाण्यासाठी तयार असतो. सोया सॉसचा हात त्याने ब्रशने आधीच फिरवलेला असतो, वसाबी, म्हणजे झणझणीत जपानी मुळाचा हिरवा कीस, आत लावलेली असते, आपल्याला फक्त उचलून खायचे असते. माझ्या शेजारच्या जोडप्याने पहिल्या भेटीत प्रत्येक घासाची तीन-चार छायाचित्रे काढली आणि तोवर भात निवला. आचारी नम्रपणामुळे काही बोलत नाही, पण त्याने बोलावे असे मला वाटते. तव्यावरून थेट ताटात आलेल्या भाकरीची किंमत जाणणाऱ्या गावात ही गोष्ट समजावणे अवघड जाऊ नये.

आता बांगडा. सबंध जेवणातला हा सर्वांत उत्तम घास आहे आणि केवळ यासाठी मी पुन्हा जाईन. मुंबईहून बर्फात आलेला बांगडा साफ करून, दोन्ही बाजूंच्या फाका काढून, त्यांना मीठ लावून तासाभराहून अधिक ठेवतात. सुटलेले पाणी धुऊन टाकतात आणि मग फाका व्हिनेगरमध्ये बुडवतात. मांसाची कड पांढरी होते, मध्यभाग गुलाबी राहतो. त्यानंतर त्या गोठवतात आणि वाढायच्या दिवशी हळूहळू वितळू देतात. माझ्यासमोर आचाऱ्याने फाकेवरचा काचेसारखा पातळ पापुद्रा डोक्याकडून शेपटीकडे एका ओढीत काढला, खालची निळसर चंदेरी नक्षी उघडी पडली, त्यावर त्याने सुरीने दोन तिरक्या उथळ रेघा मारल्या आणि भाताच्या घासावर फाक बसवून वर चिमूटभर किसलेले आले व पातीचा कांदा ठेवला. बांगड्याचे तेल, व्हिनेगरचा आंबटपणा आणि आल्याचा झणका एकामागून एक येतात आणि शेवटी भाताची गोडी राहते. कोकणी घरात बांगड्याला कोकम किंवा चिंच का लागते ते ज्याला ठाऊक आहे त्याला या घासाची रचना लगेच कळेल. तेलकट माशाला आंबट हवेच.

कच्च्या किंवा अर्ध्याकच्च्या मासळीच्या सुरक्षिततेविषयी मी स्पष्ट प्रश्न विचारले, कारण वाचकांना हीच भीती असणार. समुद्री माशांत ॲनिसाकिस नावाचा कृमी असू शकतो आणि मीठ किंवा व्हिनेगर यांनी तो मरतो असे धरून चालता येत नाही. त्याचा खात्रीचा उपाय म्हणजे गोठवणे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा दंडक उणे २० अंश सेल्सिअसला सात दिवस किंवा उणे ३५ अंशांना गोठवून पंधरा तास, असा आहे. येथे वेगळे खोल शीतकपाट आहे, त्याला वीज गेल्यावर चालणारी जोडणी आहे, आणि तापमानाची रोजची नोंद ठेवलेली वही आचाऱ्याने मागताच पुढे केली. घरच्या शीतकपाटातील बर्फाच्या कप्प्यावर असा भरवसा ठेवू नये. गोड्या पाण्याचा मासा तो कच्चा कधीच वाढत नाही, आणि हा नियम तो कोणाच्याही आग्रहाखातर मोडत नाही, हे मला फार आवडले. गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसांनी मात्र कच्चे घास टाळावेत. नोंदणीच्या वेळी सांगितल्यास त्यांच्यासाठी शिजवलेले घास मिळतात.

गोड्या पाण्याच्या माशाचा विषय निघालाच आहे तर उजनीच्या वामेविषयी सांगितले पाहिजे. जपानमध्ये ईल मासा भाजून, सोया सॉस आणि साखरेचा आटवलेला रस लावून भातावर देतात. या आचाऱ्याने त्याच्या जागी भीमेची वाम घेतली आहे. आधी ती वाफवून मऊ करतो, मग कोळशावर भाजतो, रस लावतो, पुन्हा भाजतो, असे तीन वेळा. मासा पूर्ण शिजलेला असतो, कडा किंचित करपलेल्या, आत लोण्यासारखा. नागोयात ईलच्या पदार्थाला मोठा मान आहे आणि तेथे मी तो पुष्कळदा खाल्ला. वामेचे मांस त्याहून घट्ट आणि कमी चरबीचे असते, तेव्हा हा घास त्याची नक्कल ठरत नाही. आपल्या धरणातला मासा आपल्या गावच्या आचाऱ्याने इतक्या आदराने हाताळलेला पाहून मला खरोखर आनंद झाला. मामांनी दुसरा घास मागितला आणि तो त्यांना मिळाला, ज्याचे वेगळे पैसे लावले नाहीत.

ट्यूना गोठवलेला येतो आणि तो लालसर, कमी चरबीचा भाग सोया सॉसमध्ये मुरवून दिला जातो, चांगला आहे. उकडलेली कोळंबी नेटकी. माकूळ पहिल्या भेटीत वातड होते, तिसऱ्या भेटीत त्यावर बारीक जाळीदार चिरा घातलेल्या होत्या आणि ते सहज तुटत होते. अंड्याची थरांची गोडसर वडी उत्तम.

माझी खरी तक्रार सामन (इंग्रजीत सॅल्मन) माशाविषयी आहे. चौदा घासांत दोन सामनचे आहेत. जुन्या एदो पद्धतीत कच्च्या सामनला स्थान नव्हते. नॉर्वेच्या मत्स्यव्यावसायिकांनी १९८० च्या दशकात जपानमध्ये प्रयत्नपूर्वक प्रचार केला आणि त्यानंतर मत्स्यशेतीतला सामन सुशीवर आला. त्यात वाईट काही नाही, जपानी लोकही आज तो आवडीने खातात. परंतु येथला सामन विमानाने मुंबईत आणि तेथून रस्त्याने इतका प्रवास करून येतो की त्याच्यात नुसता मऊपणा उरतो, चव उरत नाही. दुसऱ्या घासावर तर मेयोनीज घालून गॅसच्या ज्योतीने जाळतात. त्या एका घासाने तोंडाला जो तेलकट थर बसतो तो जाण्यासाठी पुढचे दोन घास वाया जातात. ग्राहक मागतात म्हणून ठेवावे लागते, असे आचारी म्हणाला. मला हे पटले नाही. ज्याच्या हातात असा बांगडा आहे त्याने लोकांच्या मागणीची एवढी भीती बाळगू नये.

दुसरी तक्रार याहून गंभीर आहे. माझी पत्नी शाकाहारी आहे आणि सोलापुरात निम्म्या पंगतीत कोणी ना कोणी शाकाहारी असणारच. तिच्यासाठी काकडीची गुंडाळी, भाजलेल्या वांग्याची निगिरी, मुरवलेले शिताके अळंबे आणि तळलेल्या टोफूच्या पिशवीत भरलेला भात असे पदार्थ आले, आणि वांग्याची निगिरी इतकी चांगली होती की मीही ती मागून घेतली. मात्र आंबवलेल्या सोयाबीनच्या मिसोचे सूप देताना वाढणाऱ्या मुलाने, "यात फक्त सोयाबीन आहे, मॅडम," असे सांगितले. तिने दोन घोट घेतल्यावर मला वास ओळखीचा वाटला म्हणून मी विचारले. जपानी रश्शाचा पाया म्हणजे दाशी. त्यात कोम्बू या समुद्री वनस्पतीबरोबर बहुधा वाळवून धुरी दिलेल्या बोनिटो माशाचा कीस असतो, आणि येथेही तो होता. आचाऱ्याने काउंटरच्या बाहेर येऊन हात जोडून माफी मागितली, पण पत्नीने पुढे काही खाल्ले नाही आणि मला तिची समजूत घालता आली नाही. व्रत किंवा धर्म म्हणून शाकाहार पाळणाऱ्या माणसाला ही चूक भरून देता येत नाही. तिसऱ्या भेटीत मी मुद्दाम पाहिले: आता कोम्बू आणि शिताके यांची वेगळी दाशी वेगळ्या पातेल्यात होते, वाट्याही वेगळ्या रंगाच्या केल्या आहेत, आणि वाढणाऱ्या मुलाला कशात काय आहे ते तोंडपाठ आहे. सुधारणा केली, तीही मनापासून, हे नोंदवायला हवे. तरीही शाकाहारी पाहुण्यांनी रस्सा, अंड्याची वडी आणि मुरवलेल्या भाज्या यांत बोनिटो आहे का, हे स्वतः विचारावे.

वसाबी ताज्या मुळाची नाही. ताजी किसलेली वसाबी काही मिनिटांतच आपला झणका गमावते आणि ती येथवर आणणे परवडणारे नाही. बाजारात मिळणारी हिरवी पूड बहुधा हॉर्सरॅडिश नावाचे तिखट मूळ, मोहरी आणि रंग यांची असते. येथे ती न वापरता खऱ्या वसाबीचा गोठवलेला कीस वापरतात, तो सौम्य आहे पण खोटा नाही. आल्याचे लोणचे घरचे, कोवळ्या सातारी आल्याचे, व्हिनेगरमध्ये पडल्यावर आपोआप आलेल्या फिकट गुलाबी रंगाचे. ते दोन घासांच्या मध्ये तोंड स्वच्छ करण्यासाठी असते. घासावर ठेवून खाऊ नये.

एका बाबतीत सोलापूरची हवा जपानहून अधिक अनुकूल आहे, असे मी म्हणेन. शेवटी हातात दिली जाणारी शंकूच्या आकाराची गुंडाळी नोरी या समुद्री शेवाळाच्या कागदासारख्या पानात बांधतात. नोरी दमटपणा फार लवकर ओढते आणि चामट होते. मुंबईत ती टेबलापर्यंत येता येताच वाकते. येथे मार्चच्या कोरड्या रात्री आचाऱ्याने पान निखाऱ्यावरून दोनदा फिरवले, भात आणि बारीक चिरलेला ट्यूना भरला आणि काउंटरवर न ठेवता सरळ माझ्या हातात दिले. दातांखाली ते पापडासारखे मोडले. मुंबईतल्या महागड्या हॉटेलांतही मला असा आवाज ऐकायला मिळालेला नाही.

मद्य मिळत नाही. भाजलेल्या पानांचा जपानी चहा हवा तितका मिळतो आणि तो या जेवणाला पुरेसा आहे. गोड म्हणून तिळाचे आइस्क्रीम येते, ते ठीक आहे.

किंमत माणशी ३,६०० रुपये, वर ५ टक्के जीएसटी. शाकाहारी पंगत २,२०० रुपये. सोलापूरच्या मानाने ही रक्कम मोठी आहे आणि ती सर्वांनी द्यावी असे मी म्हणणार नाही. तांदूळ, व्हिनेगर, नोरी बाहेरून येते, एका रात्रीत सोळाच माणसे जेवतात आणि प्रत्येक घास एकाच माणसाच्या हातून जातो, हे पाहता मला ती अवाजवी वाटली नाही. सामनचे दोन घास काढून बारा घासांची पंगत तीन हजारांत दिली तर मात्र ती मला अधिक प्रामाणिक वाटेल.

बसण्याविषयी दोन सूचना. उजव्या टोकाच्या दोन खुर्च्या थेट वातानुकूलन यंत्राच्या झोताखाली आहेत. दुसऱ्या भेटीत आम्ही तेथे होतो आणि शेवटच्या चार घासांचा भात हातात येईपर्यंत गार पडला. नोंदणी करताना मधल्या किंवा डाव्या खुर्च्या मागाव्यात. सातच्या पंगतीत पावणेनऊच्या सुमारास घाई जाणवते, कारण पुढची मंडळी बाहेर बाकावर येऊन बसलेली असतात; वेळेवर पोचलात तर ही घाई आपल्या वाट्याला कमी येते. अत्तर लावून जाऊ नये. आठवड्याच्या मधल्या दिवसांसाठी तीन दिवस आधी फोन पुरतो, शनिवार-रविवारसाठी दोन आठवडे लागतात. जून-जुलैमध्ये पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंद असते, तेव्हा बांगडा आहे का, हे आधी विचारून घ्यावे. मी पुढची नोंदणी सप्टेंबरसाठी केली आहे, मामांसाठीही, आणि डाव्या बाजूच्या खुर्च्या सांगून ठेवल्या आहेत.